ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची कशी: पहिल्या खेपेआधी वाचून घ्या

दसरा झाला की आमच्या वाळवा तालुक्यात ट्रॉल्या बाहेर निघतात. पावसाळाभर गोठ्यामागं उभी असलेली ट्रॉली धुतली जाते, टायरात हवा भरली जाते आणि घरातलं एखादं पोरगं पहिल्यांदाच म्हणतं, "आज मी जोडतो." यंदा आमच्या घरात ते पोरगं म्हणजे माझा पुतण्या. अठरा पूर्ण झाली, लायसन हातात आलं. त्यानं विचारलं, "काका, कडीत पिन टाकली की झालं ना?"

झालं, पण पिन हे शेवटचं काम. त्याच्या आधीची कामं कुणी बसवून शिकवत नाही. सगळ्यांनी ती बघून-बघून उचललेली असतात आणि चुकाही तशाच बघून उचललेल्या असतात. त्याला दोन दिवस अंगणात शिकवताना जे जे सांगितलं, ते इथं उतरवून काढतोय.

ट्रॉली दोन चाकी की चार चाकी?

हा प्रश्न सगळ्यात आधी. चार चाकी ट्रॉलीची पुढची दोन चाकं फिरत्या चकतीवर बसवलेली असतात. ती स्वतःचा भार स्वतःच पेलते, तिचा दांडा फक्त ओढण्यापुरता. दोन चाकी ट्रॉलीचं तसं नाही. तिच्या भाराचा एक हिस्सा कायम ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. तो हिस्सा किती यावा, यातच निम्मी विद्या आहे.

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे वेगळं सांगायला नको. गाडी मागं जड भरली की ती 'उलार' होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं जड झाली की 'धुरजड', मग सगळा भार खांद्यावर. आमचे आजोबा गाडी भरून झाल्यावर जू हातानं उचलून बघायचे आणि मग एखादं पोतं पुढं घ्यायचे किंवा मागं सारायचे. वाटेत चढ आला की स्वतः पुढं सरकून बसायचे.

ट्रॅक्टरचा हुक म्हणजे बैलाचाच खांदा समजा. दोन चाकी ट्रॉली उलार भरली तर दांडा हुकाला वर ढकलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि नेमका चढावर पकड सोडतात. रस्त्यावर ट्रॉली शेपटी हलवायला लागते ती वेगळीच. धुरजड भरली तर ट्रॅक्टरचं मागचं टोक दबून त्याचं तोंड वर उचलतं. स्टिअरिंग एकदम हलकं लागायला लागलं तर खूश होऊ नका, पुढची चाकं जमीन सोडतायत. मोटारीमागं ओढायच्या कॅम्पिंगच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडावर ठेवतात. शेतातल्या ट्रॉलीला इतकं काटेकोर मोजणं होत नाही, आणि हुकावर जास्तीत जास्त किती भार चालतो ते त्या-त्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं. पण भार आसाच्या किंचित पुढं असावा, मागं कधीच नसावा, हे तत्त्व दोन्हीकडं तेच.

जोडायचं कुठं?

ट्रॅक्टरच्या मागं जोडण्यासारखी दिसणारी तीन-चार ठिकाणं असतात आणि नवा माणूस हमखास चुकीचं निवडतो. ट्रॉलीसाठी जागा एकच: चेसिसला पक्का बसवलेला हुक किंवा ड्रॉबार, म्हणजे ओढायची लोखंडी पट्टी. अवजारं उचलणाऱ्या लिफ्टच्या दोन हातांमध्ये जी भोकांची पट्टी असते, ती ट्रॉलीसाठी नाही. लिफ्ट चुकून वर गेली तर ओढीची जागाही तिच्याबरोबर वर जाते. आणि वर टॉप लिंक, म्हणजे अवजाराला वरून धरणारा दांडा, जिथं बसते तिथं साखळी किंवा दोर बांधून काहीही ओढायचं नाही. चिखलात रुतलेली ट्रॉलीसुद्धा नाही.

यामागचं कारण समजून घ्या, कारण जीव जातो तो इथंच. इंजिन मागचं चाक फिरवायला जोर लावतं. चाक रुतलेलं असेल, फिरायला तयार नसेल, तर तोच जोर उलटा होऊन ट्रॅक्टरचं धूड मागच्या आसाभोवती वर उचलायला लागतो. ओढ आसाच्या खाली असेल तर ती तोंड खाली धरून ठेवायला मदत करते. ओढ आसाच्या वर असेल तर तीच ट्रॅक्टर उताणा करते. हे सगळं दीड-दोन सेकंदांत होतं, क्लचवर पाय जाईपर्यंत खेळ संपलेला असतो. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरला पुढं लोखंडी वजनं लावलेली दिसतात ती शोभेची नाहीत.

जोडणी

जागा सपाट आणि टणक हवी. आमच्या काळ्या रानात ट्रॉलीचा जॅक पाच मिनिटांत वीतभर खाली जातो, म्हणून जॅकखाली फळीचा तुकडा ठेवायचा. मग ट्रॉलीच्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी, दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे. "जरा वेळ तर आहे" म्हणून हे टाळतात. जोडताना ट्रॅक्टरचा नुसता धक्का लागला तरी रिकामी ट्रॉली मागं पळते आणि मागं कोण उभं आहे ते ट्रॉलीला दिसत नाही.

आता दांड्याची उंची. जॅक फिरवून पुढची कडी हुकाच्या तोंडाबरोबर आणायची. जोडल्यावर दांडा जमिनीला साधारण समांतर दिसला पाहिजे. हुक फार उंच असेल तर ट्रॉलीचा हौदा मागं कलतो आणि नीट भरलेला मालही उलार होतो. चार चाकी ट्रॉलीला जॅक नसतो, तिचा दांडा जमिनीवर पडलेला असतो. त्याखाली आधीच एक ठोकळा सारून तो उंचीला आणून ठेवावा. ट्रॅक्टर मागं येत असताना दांडा हातात धरून उभं राहायची आपल्याकडं जी पद्धत आहे, ती मोडायची.

ट्रॅक्टर आधी लांबूनच, आठ-दहा फुटांवरून, ट्रॉलीच्या नाकासमोर सरळ रेषेत घ्या. जवळ येऊन वाकडं-तिकडं करत बसण्यापेक्षा पुन्हा पुढं जाऊन रेषा धरलेली बरी. मागचा गिअर, लो, आणि थ्रॉटल कमीत कमी. मान वळवून हुकाकडं बघत इंचाइंचानं मागं या.

आणि आता या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: ट्रॅक्टर चालू असताना ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही. बाप नाही, भाऊ नाही, "मला वीस वर्षांचा अनुभव आहे" म्हणणारा शेजारी तर अजिबात नाही. खुणा करणारा माणूस मोठ्या चाकाच्या बाहेर, बाजूला, चालवणाऱ्याला दिसेल असा उभा राहील. तो दिसेनासा झाला की ट्रॅक्टर थांबवायचा, मग कारण विचारायचं. क्लचवरून पाय सटकायला चिखलाची चप्पल पुरते.

कडी हुकाच्या तोंडात आली की थांबा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, किल्ली खिशात. त्यानंतरच खाली उतरा. भोकं तंतोतंत जुळलेली नसतातच. इंच-दोन इंचाचा फरक असेल तर दांड्याखाली पहार घालून कडी सरकवता येते. जास्त असेल तर आळस न करता पुन्हा वर बसा. आणि भोक जुळलंय का हे बोट घालून कधीच बघू नका. कडीला धक्का बसला की ती कातरीसारखी चालते. वरून वाकून बघायचं, दोन्ही भोकांतून खालची माती दिसली की जुळलं.

पिन

पुतण्याला वाटत होतं पिन म्हणजे लोखंडाचा दांडका. आमच्या हत्याराच्या पेटीत दोन पिना होत्या. त्या मी त्याच्या हातात दिल्या आणि म्हणालो, "मधोमध नख फिरव." एकीवर नख गुळगुळीत गेलं. दुसरीवर मधल्या भागात खाचेत अडकलं, तिथं कडी घासून-घासून पिन बारीक झाली होती. ती पिन त्याच दिवशी भंगारात गेली.

पिन भोकाच्या मापाची हवी. बारीक पिन मोठ्या भोकात टाकली की ट्रॅक्टर सुटताना आणि थांबताना दरवेळी ठोका बसतो. तो ठोका पिनेलाही खातो आणि भोकालाही अंडाकृती करतो. भोक अंडाकृती झालेलं दिसलं तर वेल्डरकडं जा. नुसती मोठी पिन घालून भागत नाही. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालणारे महाभाग आहेत, त्यांच्या मागून गाडी चालवू नका एवढंच सांगतो.

पिन वरून खाली घालायची, डोकं वर. खाली टोकाला जे भोक असतं त्यात क्लिप. क्लिप हरवली की लोक तार गुंडाळतात, खिळा वाकवतात. खड्ड्यात चाक गेलं की पिन वर उडते, तिला खाली धरून ठेवणारी एकटी ती क्लिपच असते. काही रुपयांची वस्तू आहे. दोन जास्तीच्या घेऊन एक किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवा.

पिनेसोबत साखळीही हवी. आमच्या भागात दहातल्या एखाद्या ट्रॉलीला दिसली तरी पुष्कळ. दांड्यापासून ट्रॅक्टरच्या चेसिसपर्यंत दोन साखळ्या, दांड्याखालून एकमेकींना फुली मारून. पिन गेलीच तर दांडा त्या फुलीच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतून ट्रॉली उलटत नाही. वळताना ताण येणार नाही इतपत सैल, पण जमिनीला घासणार नाही इतपत आखूड.

पाईप आणि वायर

डंपिंग ट्रॉली असेल तर हायड्रोलिकचा पाईप जोडायचा. इंजिन बंद करून लिव्हर दोन-तीनदा पुढं-मागं करा, म्हणजे अडकलेला दाब निघून जातो आणि कपलर, म्हणजे पाईपचा जोड, सहज बसतो. जोडण्याआधी दोन्ही तोंडं कापडानं पुसा. तिथली चिमूटभर माती ट्रॅक्टरच्या तेलात जाते आणि पुढं पंपाचं काम काढते. गळती शोधायला पाईपवरून हात फिरवू नका. बारीक छिद्रातून दाबानं निघालेलं तेल कातडीत घुसतं, आणि ती जखम दिसते मुंगी चावल्याएवढी पण थेट ऑपरेशनपर्यंत नेते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, त्यावर डाग पडला की जागा सापडली. आणि हौदा वर उचलून त्याखाली काम करायचं असेल तर आधी त्याचा लोखंडी टेकू लावा, तेलाच्या भरवशावर खाली जाऊ नका.

दिव्यांची वायर जोडली की एक माणूस मागं उभा करून डावा, उजवा, ब्रेक, टेललाईट असं एकेक तपासा. डावा इंडिकेटर लावल्यावर सगळेच दिवे मिणमिणत असतील तर बहुतेक वेळा बल्ब चांगले असतात, अर्थिंगची वायर गंजलेली असते. चेसिसवर जिथं ती बसवलीय तिथला रंग-गंज पॉलिश पेपरनं घासून पुन्हा आवळा.

रिफ्लेक्टरबद्दल थोडं जास्त सांगतो. ऊस भरला की तो मागं आणि बाजूला लोंबतो आणि हौद्याला लावलेली लाल पट्टी झाकून टाकतो. हंगामात रात्री पेठ-सांगली रस्त्यावर कधी मोटारसायकलनं गेलाय? समोरच्या गाडीच्या उजेडात डोळे दिपलेले, आणि एकदम दहा फुटांवर उसाची भिंत. म्हणून पट्टी हौद्याच्या वरच्या कडेलाच नव्हे, खाली चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवरही लावा, आणि भरल्यानंतर मागं जाऊन ती दिसतेय का ते बघा. एक लाल कापड किंवा त्रिकोण उसाच्या मागच्या टोकाला. ट्रॉलीचा स्वतःचा नंबर असतो, एमएच १० असो, ११ असो की कऱ्हाडचा ५०, तोही पुसून दिसता ठेवा.

ओढून बघा

अजून ठोकळे काढायचे नाहीत. पहिला गिअर लो, क्लच हलकेच सोडा आणि ट्रॅक्टर वीतभर पुढं ओढून बघा. ट्रॉली ठोकळ्यांना अडली आणि ट्रॅक्टरही अडला, म्हणजे जोड पक्का. पुन्हा सगळं बंद करून उतरा, पिन-क्लिप बघा, मग जॅक पूर्ण वर घ्या आणि सगळ्यात शेवटी ठोकळे काढा. जॅक वर घ्यायचा राहिला तर गावाच्या पहिल्या गतिरोधकावर तो वाकतो. आमच्या गावात वाकलेले जॅक मोजायला बसलं तर दुपार जाईल.

निघण्याआधी खाली वाकून एक गोष्ट करा. ट्रॅक्टरला डावा आणि उजवा असे दोन ब्रेक वेगळे असतात. नांगरताना कोपऱ्यात वळायला एकच दाबतात. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल एकमेकांना जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. ट्रॉली मागं असताना एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्या कुशीत घुसते.

हिशेब करून बघा. ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा, मागं सहा-सात टनांची भरलेली ट्रॉली, आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. म्हणजे उतारावर तुम्ही ट्रॉली ओढत नसता, ट्रॉली तुम्हाला रेटत असते. ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, तेही उतार सुरू व्हायच्या आधी गिअर टाकून. मध्ये क्लच दाबायचा नाही, डिझेल वाचवायला न्यूट्रल तर नाहीच. आमच्या सपाटीवर शिकलेली पोरं वाई-पाटणकडं भाडं घेऊन गेली की पहिल्या घाटात घाबरतात ती याचमुळं. ट्रॉलीत माणसं बसवू नका. जत्रेला जाताना सगळे बसतात हे मलाही माहीत आहे, तरी बसवू नका.

पहिल्या चार-पाच किलोमीटरवर थांबून पिन, क्लिप, चाकांचे नट आणि मालाचा तोल पुन्हा बघा. माल बसतो, सरकतो, तिथून पुढं खरा प्रवास.

रिव्हर्स

दोन चाकी ट्रॉली मागं घेताना नव्या माणसाचा गोंधळ ठरलेला: ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडं. यावर सोपी युक्ती आहे. एक हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेवर ठेवा, सहा वाजल्याच्या जागी. आता तो हात ज्या बाजूला सरकेल त्याच बाजूला ट्रॉलीचं बूड जाईल. डोक्यात उलट-सुलट करावं लागत नाही. थोडं फिरवा, थांबून बघा, लगेच सरळ करा. ट्रॉली काटकोनात दुमडायला लागली की मागं ढकलत बसू नका, पुढं घेऊन सरळ करा.

चार चाकी ट्रॉलीचं गणित दोनदा उलटं होतं, कारण दुमडायच्या जागा दोन. त्यासाठी युक्ती नाही, रिकाम्या माळावर घाम गाळणं आहे. जमेपर्यंत अशा वाटेनं जा जिथून पुढंच निघता येईल. मागं दुसरी ट्रॉली असेल तर रिव्हर्सचा विषयच नको, ती सोडून एकेक घ्या.

सोडताना

सोडण्याचा क्रम जोडण्याच्या बरोब्बर उलटा: सपाट जागा, आधी ठोकळे, मग फळीवर जॅक, मग पाईप-वायर-साखळी, आणि शेवटी पिन. पिन निघत नसेल तर तिच्यावर ताण आहे. हातोडा घेऊ नका, ट्रॅक्टर किंचित मागं घ्या.

मी हा क्रम पाळला होता आणि तरीही फसलो, ते सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी शेणखताची दोन चाकी ट्रॉली रानात नेली होती. डंपिंग नव्हती, फावड्यानं ओढायची. पुढून ओढायला सोपं म्हणून पुढचं निम्मं खत आधी रिकामं केलं. तेवढ्यात शेजारच्या रानात ट्रॅक्टरची गरज लागली. चाकाला दगड लावले, जॅक टेकवला, वाकून क्लिप काढली, पिन ओढली. पुढचा भार गेलेला आणि मागं ओलं खत तसंच. दांडा खालून आला तो माझ्या हनुवटीला वाऱ्यासारखा चाटून वर गेला आणि ट्रॉली ढुंगणावर बसली. चार बोटं पुढं वाकलो असतो तर जबडा गेला असता. आजोबा तेव्हा हयात होते. रात्री जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "उलार हाय का नाही, दांडा उचलून बघितला नव्हतास?"

तेव्हापासून अर्धवट रिकामी दोन चाकी ट्रॉली मी सोडत नाही. सोडायचीच वेळ आली तर आधी मागच्या बाजूला चेसिसखाली ओंडका उभा करतो, पिन ओढताना दांड्याच्या बाजूला उभा राहतो आणि डोकं दांड्याच्या वर कधीच नेत नाही. जॅक फक्त खाली पडणारा दांडा धरतो, वर जाणाऱ्याला धरणारं तिथं काही नसतं.

परवा पुतण्यानं पहिल्यांदा एकट्यानं ट्रॉली सोडली. ठोकळे लावले, फळी ठेवली, किल्ली खिशात घातली, पिनेला हात लावायच्या आधी मागं जाऊन हौद्यात डोकावून आला. पिन पुसून कडीतच परत घातली, क्लिप लावली, म्हणजे पुढच्या वेळी शोधत बसायला नको. हे मात्र मी त्याला सांगितलं नव्हतं.